मोजायची ती नजर, हेडसेटमधला दिवा नव्हे

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या विज्ञान पुरवणीत डोळ्यांचा 'वेग' मोजणाऱ्या, डोक्यावर चढवता येणाऱ्या छोट्या उपकरणाविषयी आलेला मजकूर मी दोनदा वाचला. टेबलाला स्क्रूने जखडलेल्या यंत्रापुढे हनुवटी टेकवून, अंधाऱ्या खोलीत जी चाचणी द्यावी लागे, ती आता चष्म्यासारखा हेडसेट घालून कुठेही देता येईल, या बातमीचा मला इतरांपेक्षा जरा अधिकच आनंद झाला. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून काम करताना अशा यंत्रापुढे मी कितीतरी जणांना बसवले आहे आणि स्वतःही बसलो आहे. मात्र उपकरणाचा हलकेपणा, बॅटरी आणि वापरातली सोय यांचे मजकुरात जेवढे कौतुक होते, तेवढी एका प्रश्नाची चौकशी नव्हती. उपकरण जो आकडा दाखवते तो पाहणाऱ्याच्या नजरेचा आहे की आतल्या दिव्याचा, हे कोणी आणि कसे तपासले? हे पत्र त्या एका प्रश्नापुरतेच आहे.

ज्यांना या चाचणीची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एखादा दिवा भराभर चालू-बंद केला, तर आधी त्याची लुकलुक स्पष्ट दिसते. वेग वाढवत नेला की एका टप्प्यावर ती विरून जाते आणि दिवा सलग पेटलेला भासतो. ज्या वेगाला हे घडते, म्हणजे सेकंदाला जितक्या वेळा चालू-बंद झाल्यावर लुकलुक नाहीशी होते, तिला अभ्यासक 'क्रिटिकल फ्लिकर फ्यूजन' वारंवारता म्हणतात. मी इथे तिला 'विलयसीमा' म्हणतो. ती हर्ट्झमध्ये मोजतात. अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशींची सीमा साधारण १५ ते २० हर्ट्झपर्यंत असते, तर भरपूर उजेडात काम करणाऱ्या शंकूपेशी ५० ते ६० हर्ट्झपर्यंत जातात. चित्रपटाची फीत सेकंदाला २४ चित्रे दाखवते, तरी पडदा लुकलुकत नाही, कारण प्रक्षेपकाची झडप प्रत्येक चित्राचा उजेड दोनदा किंवा तीनदा तोडते आणि डोळ्यापर्यंत ४८ किंवा ७२ झोत पोहोचतात. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणसामाणसांतला फरक ठळकपणे दिसला होता. काहींना सेकंदाला सुमारे ३५ वेळा लुकलुकणारा दिवाच स्थिर वाटला, तर काहींना ६० च्या वरही लुकलुक दिसत राहिली. सारख्याच निरोगी माणसांमध्ये एवढे अंतर असते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. विलयसीमा हा डोळ्याचा गुण आहे असे आपण सहज बोलून जातो, पण खरे पाहता तो डोळा आणि दिवा या जोडीचा गुण आहे. फेरी यांनी १८९२ मध्ये आणि पोर्टर यांनी १९०२ मध्ये मांडलेला, आता दोघांच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो की दिव्याची तेजस्विता दर वेळी ठरावीक पटीने वाढवली तर विलयसीमा दर वेळी ठरावीक हर्ट्झने वाढते. तेज दहापट झाले की सीमा किती वर जाईल, हे प्रकाशाच्या रंगावर आणि तो दृष्टिपटलाच्या कोणत्या भागावर पडतो त्यावर अवलंबून असते. ढोबळ हिशेबासाठी ही वाढ १० हर्ट्झ धरू. मग तेज निम्मे झाले तर सीमा सुमारे ३ हर्ट्झने खाली येते. दिवा तसाच ठेवून डोळ्याची बाहुली ४ मिलिमीटरवरून ३ मिलिमीटरवर आली, तरी आत जाणारा उजेड १६ भागांवरून ९ भागांवर उतरतो आणि सीमा जवळपास अडीच हर्ट्झने घसरते. प्रकाशित ठिपक्याचा आकार वाढवला तरी आकडा वर जातो. हे ग्रॅनिट आणि हार्पर यांनी १९३० मध्ये दाखवले. म्हणजे 'तुमची विलयसीमा ४२ आहे' हे वाक्य अपुरे आहे. किती तेजाच्या, कोणत्या रंगाच्या, किती मोठ्या ठिपक्याकडे, किती रुंद बाहुलीतून पाहताना ४२, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ येत नाही.

दोन-तीन हर्ट्झने काय बिघडते, असे कोणी विचारील. यकृताच्या आजारात बिघडते. यकृत निकामी होऊ लागले की रक्तातील अमोनियासारखी द्रव्ये नीट बाहेर टाकली जात नाहीत आणि मेंदूचे काम मंदावू लागते. या अवस्थेची सुरुवात इतकी सूक्ष्म असते की गप्पा मारताना डॉक्टरांनाही ती कळत नाही, पण वाहन चालवताना तिचा धोका असतो. २००२ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी विलयसीमेचा उपयोग करून ही अवस्था ओळखण्याची पद्धत मांडली आणि त्यासाठी ३९ हर्ट्झ ही रेषा सुचवली; आकडा तिच्या खाली आला की या अवस्थेचा संशय घ्यायचा. ही रेषा एका विशिष्ट उपकरणावर, विशिष्ट लाल प्रकाशात आखलेली होती. नव्या हेडसेटमधला दिवा त्याहून मंद असेल, तर ४१ वर असायला हवा तो रुग्ण ३८ वर दिसेल. दिवा प्रखर असेल, तर आजारी माणूस निरोगी ठरेल आणि गाडी चालवत घरी जाईल. म्हणून मूळ उपकरणाची रेषा नव्या उपकरणावर तशीच उचलून ठेवणे मला फार गंभीर वाटते, आणि अशा उपकरणांच्या माहितीपत्रकांत नेमके हेच सर्रास केलेले असते.

सुवाह्य उपकरणात दिव्याचे तेज राखणे टेबलावरच्या यंत्रापेक्षा अवघड असते, याचे कारण अगदी साधे आहे. टेबलावरचे यंत्र भिंतीतल्या विजेवर चालते, हेडसेट बॅटरीवर. लिथियमची बॅटरी पूर्ण भरलेली असताना ४.२ व्होल्ट देते आणि रिकामी होत आली की ३ व्होल्टच्या आसपास उतरते. एलईडीला स्थिर प्रवाह पुरवणारे परिपथ असेल तर ही घसरण दिव्यापर्यंत पोहोचत नाही. नुसत्या रोधावर भागवलेले असेल तर मात्र सकाळच्या पहिल्या माणसाला आणि दुपारच्या दहाव्या माणसाला वेगवेगळा दिवा दिसतो. शिवाय लाल एलईडी तापला की त्याचे तेज कमी होते. आमच्याकडे चाचणीसाठी आलेल्या एका सुरुवातीच्या उपकरणाचे आकडे दुपारनंतर हळूहळू खाली येत. 'दुपारची सुस्ती' असे त्याचे स्पष्टीकरणही आम्ही मोठ्या उत्साहाने वहीत लिहून ठेवले होते. एके दिवशी बॅटरी मध्येच भरून घेतली आणि सुस्ती गेली. तेव्हापासून चाचणीच्या आधी व नंतर फोटोडायोड (उजेडाचे विजेत रूपांतर करणारा छोटा संवेदक) दिव्यासमोर धरून ऑसिलोस्कोपवर (विजेचे चढउतार पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) तेज, वारंवारता आणि चालू-बंद काळाचे प्रमाण या तिन्ही गोष्टी पाहिल्याशिवाय मी कोणाचाही आकडा नोंदवला नाही.

स्वतंत्र दिवे न वापरता पडद्यावर ठिपका लुकलुकवणारे हेडसेटही निघाले आहेत. त्यांची अडचण आणखी मूलभूत आहे. सेकंदाला ६० वेळा नवे चित्र दाखवणारा पडदा एक चित्र उजळ आणि एक काळे असे दाखवून फार तर ३० हर्ट्झची लुकलुक तयार करू शकतो; म्हणजे बहुतेकांच्या सीमेपर्यंत तो पोहोचतच नाही. ९० चित्रांचा पडदा ४५ पर्यंत जातो, पण ४५ नंतरची सरळ पायरी एकदम ३० ची असते. १२० चित्रांच्या पडद्यावर ६० नंतर ४० येते, आणि तेही उजळ व काळ्या चित्रांचे प्रमाण असमान ठेवून. ज्या पट्ट्यात बारकाईने मोजायचे आहे तिथेच पट्टीवर खुणा नाहीत, असा हा प्रकार आहे. तेजाच्या मधल्या पायऱ्या वापरून काही वारंवारता उभ्या करता येतात हे खरे; परंतु पडद्याच्या वेगाच्या वरच्या टोकाजवळ त्या स्वच्छ राहत नाहीत, लुकलुकीवर एक संथ हेलकावा चढतो आणि पाहणाऱ्याला तोच हेलकावा दिसतो. फोन खोबणीत सरकवून केलेल्या चाचण्यांना मी या कारणासाठी करमणुकीपलीकडे किंमत देत नाही.

दिवा नीट असला तरी प्रश्न विचारण्याची पद्धत आकडा बदलते. सर्वांत सोपी आणि म्हणून सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत अशी की, दिवा ६० हर्ट्झसारख्या वरच्या वेगापासून हळूहळू खाली आणायचा आणि लुकलुक दिसू लागताच बटण दाबायचे. फेक्नर यांनी १८६० मध्ये मांडलेल्या मोजमापाच्या पद्धतींपैकी ही एक. तिच्यात दोन खोट आहेत. वेग सेकंदाला १ हर्ट्झने उतरत असेल आणि बोट दाबायला पाऊण सेकंद लागला, तर आकड्यात पाऊण हर्ट्झची तूट येते. ही तूट डोळ्याची नव्हे, बोटाची. ज्या आजारात हालचालीच मंद होतात, त्या आजारात या तुटीला डोळ्याची मंदता समजले जाते, आणि चाचणी कशाचे निदान करते आहे हेच कळेनासे होते. दुसरी खोट स्वभावाची. काही माणसे किंचित शंका आली की बटण दाबतात, काही पूर्ण खात्री होईपर्यंत थांबतात. दोघांची नजर सारखी असूनही आकडे वेगळे येतात.

यावर उपाय आहे आणि तो जुनाच आहे. प्रत्येक वेळी एकामागून एक असे दोन क्षण दाखवायचे, एकात दिवा लुकलुकणारा आणि एकात स्थिर, आणि कोणत्या क्षणी लुकलुक होती एवढेच विचारायचे. उत्तर देणे सक्तीचे. दिसले नाही तर अंदाज करायचा. नुसत्या अंदाजाने निम्मी उत्तरे बरोबर येतात, म्हणून साधारण ७५ टक्के उत्तरे ज्या वेगाला बरोबर येतात तो वेग सीमा म्हणून घेतात. इथे घाई करणारा आणि रेंगाळणारा दोघेही एकाच मापाने मोजले जातात. वेळ मात्र जास्त लागतो, आणि 'दोन मिनिटांत चाचणी' अशी जाहिरात करता येत नाही.

या पद्धतीलाही फसवता येते, नव्हे, ती आपसूक फसते. तालबो आणि प्लाटो यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, एकोणिसाव्या शतकातील नियमाप्रमाणे लुकलुक विरून गेल्यावर दिवा त्याच्या सरासरी तेजाइतका उजळ दिसतो. अर्धा वेळ चालू आणि अर्धा वेळ बंद असलेला दिवा सतत पेटलेल्या दिव्याच्या निम्माच उजळ दिसणार. तुलनेसाठीच्या स्थिर दिव्याचे तेज निम्मे करायचे राहून गेले, तर समोरचा माणूस लुकलुक न पाहताच 'जो मंद तो लुकलुकणारा' असे ओळखतो आणि त्याचे आकडे आभाळाला भिडतात. दुसरी फसगत कानाची. आमच्याकडे एका तरुणाचा आकडा सातत्याने इतका वर येई की त्याच्या नजरेवर लेख लिहावा असे आमच्यातल्या एकाने सुचवले होते. शेवटी त्यानेच सहज सांगितले की दिवा लुकलुकतो तेव्हा चौकटीतून बारीक गुणगुण येते. दिव्याला वीज पुरवणारे परिपथ त्या तालावर कंप पावत होते आणि चौकट कानशिलाला टेकलेली असल्याने तो कंप त्याला स्पष्ट जाणवत होता. टेबलावरच्या यंत्रात ही शक्यता नव्हती, कारण ते डोक्याला चिकटलेले नसते. हेडसेटच्या निर्मात्यांनी म्हणूनच एक चाचणी करून तिचा निकाल जाहीर करावा, असे मला वाटते. दिव्यांवर अपारदर्शक काळी पट्टी चिकटवावी, काहीच दिसत नसताना पूर्ण चाचणी द्यायला लावावी, आणि बरोबर उत्तरांचे प्रमाण निम्म्यावर येते का ते पाहावे. निम्म्याच्या वर आले, तर उपकरण नजरेखेरीज आणखी काहीतरी मोजत आहे.

हेडसेटवर सरसकट टीका करण्याचा माझा हेतू नाही. त्याचे काही फायदे मोठ्या यंत्राला कधीच मिळणार नाहीत. डोळ्यांभोवती तो स्वतःचा अंधार घेऊन फिरतो, दिव्यापासून डोळ्याचे अंतर जवळपास स्थिर राहते, डोके हलले तरी ठिपका जागचा हलत नाही, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उठवावे लागत नाही. फक्त हा अंधार पुरता आहे की नाही, हे पाहावे लागते. नाकाच्या दोन्ही बाजूंच्या फटींतून बाहेरचा उजेड आत येतो. तो आला की लुकलुकणाऱ्या दिव्याच्या काळ्या क्षणांत थोडा उजेड भरला जातो, लुकलुकीचा उठाव कमी होतो आणि सीमा खाली येते. खोलीतला दिवा स्वतःच लुकलुकत असेल तर गोंधळ आणखी वाढतो. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारे जुने ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. चष्मा लावणाऱ्यांच्या चेहऱ्यावर फट आणखी मोठी राहते. उजळ खोलीत आणि अंधाऱ्या खोलीत त्याच माणसाची चाचणी घेऊन आकडे जुळतात का, हे पाहणे अवघड नाही.

नजर कुठे रोखायची, हेही हेडसेटमध्ये ठरवून द्यावे लागते. रात्री पुढच्या मोटारीचे लाल दिवे पाहताना डोळा झटकन फिरवला तर दिव्यांची मण्यांसारखी माळ दिसते, हे अनेकांनी अनुभवले असेल. तो दिवा विलयसीमेच्या कितीतरी वर लुकलुकत असतो, पण फिरत्या डोळ्याच्या दृष्टिपटलावर प्रत्येक झोत वेगळ्या जागी पडतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उजेडाच्या तीव्र कडा असलेल्या चित्रांतील लुकलुक ५०० हर्ट्झच्या आसपासही जाणवल्याचे नोंदवले आहे. ठिपक्याची कड मऊ नसेल आणि नजर रोखायला खूण नसेल, तर चळवळ्या डोळ्यांच्या माणसाचा आकडा आपोआप वाढतो.

'जुन्या यंत्राशी उत्तम सहसंबंध' हे शब्द अशा बातम्यांत हमखास येतात, आणि आपल्या मजकुरातही ते होते. सहसंबंध म्हणजे दोन्ही यंत्रांचे आकडे एकमेकांसोबत वर-खाली होणे; ती जुळणी नव्हे. नवे उपकरण प्रत्येकाला जुन्यापेक्षा नेमके ४ हर्ट्झ जास्त दाखवत असेल, तर सहसंबंध परिपूर्ण येईल आणि जुन्या यंत्रावर ३५ ते ३९ च्या दरम्यान येणाऱ्या प्रत्येकाचा निर्णय मात्र बिघडलेला असेल. ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नेमका हाच दोष दाखवून उपायही सांगितला होता. प्रत्येक माणसाच्या दोन आकड्यांतला फरक काढावा, त्या फरकांची सरासरी पाहावी, आणि बहुतेक फरक कोणत्या दोन मर्यादांमध्ये पडतात हे सांगावे. त्या मर्यादा ±१ हर्ट्झ असतील तर उपकरण रुग्णालयात नेता येईल. ±५ असतील तर नेता येणार नाही, सहसंबंध कितीही देखणा असो. त्याच माणसाची त्याच हेडसेटवर आठवड्याने पुन्हा चाचणी घेतल्यावर किती फरक पडतो, हेही याच रीतीने सांगावे.

खेळाडूंची निवड आणि चालकांचा थकवा यांविषयीचे दावे मी एका परिच्छेदात आटोपतो, कारण त्यांना त्याहून जास्त जागा देण्याइतका त्यांचा पाया पक्का नाही. थकव्याचे माप म्हणून विलयसीमा अनेक दशके वापरली गेली आहे आणि गटाच्या सरासरीत ती खाली येताना दिसतेही. पण निरोगी माणसांतच ३५ पासून ६० च्या वरपर्यंत फरक असेल, तर एखाद्या अनोळखी चालकाचा ४२ हा एकटा आकडा काय सांगतो? तो ताजातवाना असतानाही ४२ वर असू शकतो. त्याच्याच विश्रांतीच्या दिवसांतील आकडे हाताशी असल्याशिवाय त्याला गाडीवरून उतरवणे किंवा गाडीवर चढवणे, दोन्ही अन्यायच. शिवाय चेंडू खेळताना लागणारा 'वेळेचा अंदाज' वेगळा असतो. दोन घटनांपैकी आधी कोणती घडली, हलती वस्तू कुठे पोहोचेल, हे ठरवण्याची कुवत विलयसीमेच्या चाचणीत मोजली जात नाही.

सुरक्षेविषयी मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण उपकरण सुवाह्य झाले की ते प्रशिक्षित हातांतून बाहेर पडते. लुकलुकत्या प्रकाशाने ज्यांना फेफरे येऊ शकते अशी माणसे संख्येने थोडी असली तरी असतात, आणि त्यांतील अनेकांना ते ठाऊक नसते. सर्वाधिक धोका साधारण १५ ते २५ हर्ट्झच्या पट्ट्यात मानला जातो. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये एका कार्टून मालिकेत लाल आणि निळा रंग सेकंदाला सुमारे १२ वेळा आलटून-पालटून दाखवला गेला आणि सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. ती मुले निदान काही अंतरावरून पडदा पाहत होती. हेडसेटमध्ये तर डोळ्यासमोर दुसरे काहीच नसते. वरून खाली येणारी चाचणी ३० हर्ट्झच्या खाली आपोआप थांबेल अशी सोय उपकरणातच असावी, आधी फेफऱ्याविषयी विचारल्याशिवाय ती सुरू होऊ नये, आणि एका हाताने झटकन उतरवता येईल असा पट्टा असावा. जिथे ३० च्या खाली जाणे वैद्यकीय कारणासाठी भागच असेल, तिथे शेजारी जाणता माणूस हवा.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. या उपकरणाविषयी पुन्हा लिहिताना निर्मात्यांकडून दिव्याचे तेज, रंग आणि ठिपक्याचा आकार यांचे आकडे मागावेत, प्रश्न विचारण्याची पद्धत कोणती ते विचारावे, आणि जुन्या यंत्राशी जुळणीच्या मर्यादा छापाव्यात. काळ्या पट्टीची चाचणी केली आहे का, हेही विचारावे. तिला दहा-पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही आणि पट्टीखेरीज काहीच साहित्य लागत नाही.

कळावे,

आपला नम्र वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक